जुन्या गाडीचे पुढचे बुश घरी बदलताना: काम, हिशेब आणि माझा फसलेला गुरुवार

मागच्या व्हिडिओत मी गाडीखाली झोपलेला दिसलो, तेव्हा काहींना प्रश्न पडला असेल की दुकानाचा हिशेब शिकवणारा हा माणूस मेकॅनिक कधी झाला? झालो नाही. बीबीए केलं, मोशीत हँडग्लोव्हज, सेफ्टी शूज आणि कटिंग व्हीलचं दुकान टाकलं, आणि भोसरीपासून चाकणपर्यंतच्या छोट्या युनिटना माल देतो. त्यासाठी जुनी इंडिका आहे, २००९ सालची. आपल्या पिंपरीतच बनलेली गाडी. १९९८ च्या शेवटी ती बाजारात आली, २०१८ मध्ये बंद झाली, पण आपल्या भागात तिचे सुटे पार्ट आणि ती उघडता येणारी माणसं अजून मिळतात. जुनी गाडी धंद्याला ठेवायची असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीचे बुश जाणारच. हे काम घरी होतं का? होतं. तुम्ही करावं का? त्यासाठी पूर्ण वाचा, कारण मी यात दोनदा पैसे घालवलेत.

आधी बुश म्हणजे काय ते समजून घ्या. पुढच्या चाकाला आतल्या बाजूने धरणारा जो लोखंडी हात असतो तो लोअर आर्म. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आणि गाडीच्या बॉडीकडच्या बाजूला बहुतेक गाड्यांत दोन बुश. बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हीला चिकटवलेलं रबर. गॅरेजवाले त्याला सायलेंट ब्लॉकही म्हणतात. चाक वर-खाली होतं तेव्हा आतली नळी फिरत नाही, ती बोल्टने जखडलेली असते. फिरतं म्हणजे काय, तर रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ इथेच आहे.

रबर फाटलं की स्पीडब्रेकरवर पुढून टक-टक आवाज येतो, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने घासतो. पण नुसत्या आवाजावर पार्ट आणू नका. लिंक रॉड गेला किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग गेलं तरी जवळपास तसाच आवाज येतो. गाडी वर घेऊन आर्म आणि बॉडीच्या मधे छोटी पहार घाला आणि हलवून बघा. रबर थोडं दबणं ठीक. आर्म मोकळा सरकत असेल, रबराला आरपार चीर दिसत असेल, तर बुश गेला.

आता गाडी वर घेण्याबद्दल. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही. सपाट, पक्की फरशी हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, आणि जॅकनंतर दोन्ही बाजूंना जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. सिमेंटचे ब्लॉक आणि विटाही नकोत, त्या आधी काहीही न सांगता फुटतात. स्टँड घ्यायला पैसे नसतील तर हे काम घरी करायचं नाही, विषय संपला.

गाडी वर घेण्यापूर्वी एक काम, ज्याला दोन मिनिटं लागतात. गाडी चाकांवर उभी असताना टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. डावं, उजवं दोन्ही.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. दोन्ही पुढची चाकं एकदमच वर घ्या, म्हणजे स्टॅबिलायझर बारवर ताण राहत नाही. लिंक काढा, बॉल जॉइंट सोडवा. काही गाड्यांत तो आडव्या बोल्टने पकडलेला असतो, काहींत नट आणि स्प्लिट पिनने. आट्यांवर हातोडा मारू नका, आटे गेले की बॉल जॉइंटही नवा आणावा लागतो. मग आतले दोन बोल्ट काढले की आर्म हातात येतो. बुश कोणत्या दिशेने बसलाय त्याचा फोटो काढा आणि आर्मवर पेंटने खूण करा. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते आणि तिची दिशा ठरलेली असते.

बुश काढायला काही जण गॅसने रबर जाळतात. तो धूर वाईट, आणि तापलेला आर्म वाकला तर कळतही नाही. घरी आट्यांचा जाड रॉड, दोन नट आणि पाइपचा तुकडा वापरून बुश खेचून काढता येतो, पण खरं सांगू? आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथे हा खटाटोप कशाला? भोसरी एमआयडीसीत गल्लीगल्लीत हायड्रोलिक प्रेस असलेल्या शेड आहेत. आर्म घेऊन जा, जुना काढून नवा दाबून घ्या, पैसे देऊन या. फक्त बघा की दाब बाहेरच्या कड्यावरच येतोय, मधल्या नळीवर नाही. ऑइल-ग्रीस लावू नका, ते रबराला मारक. साबणाचं पाणी चालतं.

आणि गुरुवारी जाऊ नका. मी गेलो होतो. माझे बहुतेक ग्राहक गुरुवारी सुट्टीवर, म्हणून मी गाडीचं काम गुरुवारी काढलं. अकरा वाजेपर्यंत दोन्ही आर्म बाहेर. खुशीत भोसरीला पोचलो तर शटर खाली. अरे, ज्या सुट्टीमुळे मी मोकळा होतो त्याच सुट्टीमुळे प्रेसवालाही बंद असणार, हे बीबीए झालेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. गाडी रात्रभर स्टँडवर. शुक्रवारी सकाळी चाकणच्या एका युनिटला माल पोचवायचा शब्द दिलेला, म्हणून टेम्पो भाड्याने केला.

आता वहीतला हिशेब बघा. गॅरेजने सगळ्याचे ३५०० सांगितले होते. माझा खर्च: चार बुश ९००, प्रेसचे २००, अलाइनमेंट ४५०. एकूण १५५०. म्हणजे वाचले १९५०, बायकोला मी तेवढंच सांगितलं. पण टेम्पोचे १४०० गेले, राहिले ५५०. स्टँड घेतले १६०० चे, ते पुढेही वापरात येतील म्हणून बाजूला ठेवू. माझे दीड दिवस? त्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं. तुमच्यापैकी बहुतेक जण तेच लिहितात. दुकानात बसून त्या वेळात तुम्ही किती कमावता तो आकडा तिथे टाका आणि मग ठरवा. आकडे तुमच्या भागातले आणि आजचे घ्या, माझे नाही.

याहून मोठी चूक मी शुक्रवारी दुपारी केली. आर्म बसवले आणि गाडी स्टँडवर, चाकं लटकत असतानाच आतले बोल्ट पूर्ण आवळले. तीन महिन्यांत पुन्हा आवाज. मोशीच्या उतारावर ब्रेक मारला तेव्हा गाडी डावीकडे ओढली गेली. डावीकडे ट्रेलर होता. थांबलो, पण त्यानंतर बराच वेळ हात थरथरत होते.

आर्म परत त्याच शेडमध्ये नेले. तिथल्या काकांनी फाटलेलं रबर बघून विचारलं, "बोल्ट हवेत आवळलेस ना?"

आता मघाचं वाक्य आठवा. आतली नळी बोल्टने जखडते, रबर पिळलं जातं. आर्म खाली लटकलेला असताना आवळलं तर रबराची मोकळी स्थिती तीच ठरते. मग गाडी चाकांवर उतरवली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. त्यावर खड्डा आला की आणखी पीळ. नवा बुश असा काही महिन्यांत फाटतो, आणि आपण दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या घालतो. मीही घातल्या होत्या, मनातल्या मनात.

बरोबर पद्धत अशी. आतले बोल्ट फक्त टेकेपर्यंत लावा. बॉल जॉइंट पूर्ण आवळा. स्टँड जागेवरच राहू द्या आणि दुसरा जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ लावून हळूहळू वर घ्या. मघाशी लिहून ठेवलेलं अंतर आलं की थांबा, आणि आता आतले बोल्ट आवळा. टॉर्क पाना वापरा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. सेल्फ-लॉकिंग नट काढले असतील तर नवे घाला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग लिंक, चाकं, आणि गाडी जमिनीवर आली की चाकाचे नट तिरप्या क्रमाने पुन्हा आवळा.

लगेच माल भरून चाकणला निघू नका. आधी जवळच्या ठिकाणी व्हील अलाइनमेंट करून घ्या, तिथपर्यंत सावकाश जा. आर्म काढला की चाकाचा कोन थोडाफार हलतो आणि वाचवलेले पैसे टायर खाऊन टाकतो.

आता मी काय करतो? बोल्ट सोडवणं-बसवणं घरी, प्रेस बाहेर, तेही बुधवारी. जास्तीचा एक बुश सेट दुकानात ठेवलाय. ओळखीचे तिघे-चौघे म्हणाले, आमच्या गाडीचंही कर. मी नाही म्हणालो. माझ्या गाडीचं काम चुकलं तर मी धोक्यात, दुसऱ्याचं चुकलं तर तो, आणि त्या जबाबदारीची किंमत लावायला मला अजून जमत नाही. ज्यांना हाच धंदा करायचाय त्यांनी आधी एखाद्या गॅरेजमध्ये वर्षभर हात काळे करावेत.

बोल्ट आवळून झाले की नट आणि बॉडीवर मिळून पिवळ्या पेंटची एक रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, गाडी तिथेच उभी करा.