बॉक्सप्लेटचा स्कर्ट घरी कसा शिवावा
(इयत्ता ४ थी)

आमच्या शाळेत मुलींना निळा स्कर्ट असतो. त्याला सपाट पेटीसारख्या चुण्या असतात. पेटीला इंग्रजीत बॉक्स म्हणतात, म्हणून त्या चुणीला बॉक्सप्लेट म्हणतात. हा स्कर्ट घरी शिवता येतो. शिवण सगळी सरळच असते. अवघड आहे ते गणित, पण त्यात फक्त गुणाकार, वजाबाकी नि भागाकार आहे, म्हणजे चौथीच्या मुलांना ते येते. आमच्या घरी आई मशीन चालवते. मोजणे, खुणा करणे व टाचण्या लावणे हे माझे काम. इस्त्रीला मला हात लावू देत नाहीत.

आधी एक प्लेट कागदाची करून पाहा. वहीच्या कागदाची १२ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तिच्यावर २, ४, ८ आणि १० सेंटिमीटरवर रेघा मारा. ४ आणि ८ च्या रेघेवर पट्टी मागे दुमडा. २ आणि १० च्या रेघेवर उलट बाजूला दुमडा. आता पुढून फक्त ४ सेंटिमीटरची पेटी दिसते. मागे बघा, दोन्ही दुमडी बरोबर मधोमध एकमेकींना टेकतात. १२ ची पट्टी ४ ची झाली. म्हणून बॉक्सप्लेटला कंबरेच्या तिप्पट कापड लागते.

एवढे कापड वाया जाते असे कोणाला वाटेल. पण ते वाया जात नाही, आत लपून बसते. धावताना किंवा लेझीम खेळताना पाय लांब पडला की प्लेट उघडते आणि ते कापड बाहेर येते. काही तयार स्कर्टना पुढे दोन आणि मागे दोनच प्लेटा असतात. कापड वाचते, पण खाली वाकून लेझीम करायची वेळ आली की मुली अवघडतात. कंपासपेटी विकत घेताना उघडून बघतो, तसा स्कर्ट घेताना त्याच्या प्लेटा मोजाव्यात.

आता खरे गणित. माझी कंबर ६० सेंटिमीटर आहे. तिप्पट केली की १८० सेंटिमीटर. आम्ही आणलेल्या कापडाचा पन्हा ९० सेंटिमीटरचा आहे. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. दोन तुकडे शेजारी जोडले तर १८० होतात. बरोबर पुरले असे वाटते ना? पण जोडायला शिवणीत कापड जाते. एका तुकड्याच्या दोन कडा, दोन तुकड्यांच्या चार कडा, आणि प्रत्येक कडेला २ सेंटिमीटर. म्हणजे ८ सेंटिमीटर गेले. उरले १७२.

दशांश अपूर्णांक आम्हाला अजून झाले नाहीत. म्हणून पुढचे मिलिमीटरमध्ये करते. १७२० मिलिमीटर कापड आहे. त्यातले ६०० बाहेर दिसायला हवे. १७२० वजा ६०० म्हणजे ११२० आत लपवायचे. प्लेटा १० घेतल्या. एका प्लेटेचे तोंड ६० मिलिमीटर, आणि दोन प्लेटांच्या मध्ये लपवायचे कापड ११२ मिलिमीटर. ११२ चे चार सारखे भाग केले की २८ येतात. तीच एका दुमडीची खोली. पूर्ण प्लेटेला ३० लागली असती. म्हणून मागे दुमडी टेकत नाहीत, मध्ये ४ मिलिमीटरची फट राहते. ती बाहेरून कोणाला दिसत नाही. कापड थोडे कमी असले तर ते अशा ठिकाणी कमी करावे.

या हिशोबात मला एक गंमत सापडली. एक प्लेट आणि तिच्या शेजारचे लपलेले कापड मिळून ६० आणि ११२, म्हणजे १७२ मिलिमीटर. अशा पाच प्लेटा म्हणजे ८६० मिलिमीटर. आणि ९० सेंटिमीटरच्या तुकड्याचे शिवणीचे ४ सेंटिमीटर काढले तर ८६ सेंटिमीटरच उरतात! म्हणजे एका तुकड्यात बरोबर पाच प्लेटा बसतात. मात्र सुरुवात तोंडाने करायची नाही. आधी ११२ चा अर्धा, ५६ सोडायचा. मग ६०, ११२, ६०, ११२ असे करत जायचे. पाचवे ६० झाले की शेवटी पुन्हा ५६ उरतात. असे केल्याने दोन तुकड्यांची जोड लपलेल्या कापडाच्या मधोमध येते. स्कर्टावर जोड कुठेच दिसत नाही. ज्याची कंबर वेगळी असेल त्याने आपला आकडा घालून हेच गणित करावे.

काही शाळांचे स्कर्ट चौकडीच्या कापडाचे असतात. तिथे टेपने मोजून चालत नाही. एक प्लेट लाल रेघेवर नि दुसरी पांढऱ्यावर आली की स्कर्ट वाकडा दिसतो. त्याला चौकडीच मोजावी लागते. याबाबतीत सगळ्यात हुशार स्कॉटलंड देशाचे शिवणारे. तिथे किल्ट नावाचा पोशाख आहे. तो लोकरीच्या चौकडीच्या कापडाचा असतो, त्या चौकडीला टार्टन म्हणतात. प्लेटा अशा पाडतात की एवढे कापड आत गेले तरी बाहेरची चौकडी न तुटल्यासारखी दिसते. किल्टला प्लेटा फक्त मागे असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिवलेले किल्ट बॉक्सप्लेटचे होते आणि त्यांना चार वार, म्हणजे सुमारे साडेतीन मीटर कापड लागे. पुढे एकाच दिशेला पडणाऱ्या प्लेटा आल्या, तेव्हा आठ वारांपर्यंत कापड लागू लागले.

किल्ट पुरुष घालतात. हे ऐकून आमच्या वर्गातली मुले हसली. पण आजोबांच्या धोतराला निऱ्या असतात, त्याला कोणी हसत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी राजाविरुद्ध उठाव केला होता. तो मोडल्यावर सरकारने १७४६ साली कायदा करून तिथल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. सैन्यातल्या शिपायांना तेवढी सूट होती. बंदी १७८२ साली उठली. १७८२ वजा १७४६ म्हणजे ३६ वर्षे! एवढ्या काळात लहान मुलाचा म्हातारा व्हायला येतो.

आता आपल्या स्कर्टाकडे येऊ. कापड टेरिकॉटचे घ्यावे. त्यात पॉलिएस्टरचा धागा असतो. तो इस्त्रीने गरम झाला की मऊ पडतो आणि गार होताना जसा दाबला असेल तसाच राहतो. म्हणून प्लेट टिकते. सुती कापडाची प्लेट एका धुण्यात जाते, मग दर वेळी खळ नि इस्त्री करत बसावे लागते. सुती घेतलेच तर आधी रात्रभर भिजवून वाळवावे व पन्हा पुन्हा मोजावा, कारण ते आटते. पन्हा बदलला की वरचे सगळे गणित बदलते.

माझा स्कर्ट कंबरेपासून गुडघ्यापर्यंत ४५ सेंटिमीटर आहे. वर शिवणीला १ आणि खाली दुमडायला ८ धरले. झाले ५४. दोन तुकड्यांचे १०८. कंबरपट्टीला ८ सेंटिमीटरची पट्टी. एकूण ११६. आम्ही सव्वा मीटर घेतो.

दोन्ही तुकडे सपाट पसरून साबणाच्या कपट्याने खुणा करायच्या. खूण फक्त वरच्या कडेला केली तर प्लेट खाली तिरकी जाते. म्हणून तीच मापे खाली दुमडीच्या वर पण घ्यायची आणि दोन्ही खुणा पट्टीने जोडायच्या. मग तुकडे जोडायचे. डाव्या बाजूच्या जोडीत वरून १२ सेंटिमीटर उघडे ठेवायचे, नाहीतर स्कर्ट कमरेत चढणार कसा? त्यानंतर खालची दुमड घालायची. पुष्कळ जणी ती शेवटी घालतात. पण प्लेटा पडल्यावर खाली तीन-तीन पदर होतात आणि सुई जात नाही. दुमड आधी, प्लेटा नंतर.

मग एकेक प्लेट दुमडून टाचणी लावायची. दहाही झाल्या की टेपने कंबर मोजायची. ६० भरली तरच पुढे जायचे. नंतर वरपासून खालपर्यंत लांब लांब कच्चा दोरा घालायचा. वरून ओले फडके ठेवून आई इस्त्री करते आणि कापड पूर्ण गार होईपर्यंत उचलत नाही. मग वर मशीनची टीप आणि त्यावर कंबरपट्टी. पट्टी ६४ सेंटिमीटर ठेवायची. जास्तीचे ४ एकावर एक येतात, तिथे हूक लागतो. कच्चा दोरा सगळ्यात शेवटी काढायचा.

भिंतीवर हे वाचणाऱ्या माता-पालकांना एक सांगते. खालची ८ सेंटिमीटरची दुमड कापून लहान करू नका. मुलगी वाढली की त्यातले ४ सेंटिमीटर सोडता येतात आणि पुढच्या वर्षी अजून थोडे. जुन्या दुमडीची रेघ राहते, ती ओल्या फडक्यावरून इस्त्री केली की बरीच जाते. कंबर घट्ट झाली तर आधी हूक २ सेंटिमीटर सरकवावा. तेवढ्याने भागले नाही तर प्लेटा उसवून तोंड ६० ऐवजी ६२ मिलिमीटर करायचे आणि मधले ११२ चे ११० करायचे. दहा प्लेटांचे २० मिलिमीटर, म्हणजे कंबर आणखी २ सेंटिमीटर वाढते. कंबरपट्टी कापताना पन्ह्याची पूर्ण ९० ची कापलेली असते. उरलेली पट्टी फेकून न देता आतल्या बाजूला दुमडून शिवली असेल तर तीही तेव्हा पुरते.