गोष्ट सांगण्यात चौदा पानं गेली

माझा पहिला शोधनिबंध वीस पानांचा होता आणि त्यातली चौदा पानं कथानक सांगण्यातच संपली. एम.ए.ला मी ऑर्वेलची '1984' ही कादंबरी घेतली होती. सुरुवात 1903 पासून, मोतीहारीतल्या त्याच्या जन्मापासून. मग नायक विन्स्टन, त्याची प्रेयसी ज्युलिया, पकडापकडी, छळ. शेवटी आणीबाणीवर दोन पानं, कारण ती हवीतच असं वाटलं. मार्गदर्शक बाईंनी समासात एकच ओळ लिहून निबंध परत दिला: 'तुझं म्हणणं कुठे आहे?'

कापड्याला घरी आलो तेव्हा पाऊस लागला होता. आजी ट्रंकेतले कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधत होती. सातबारा, फेरफाराची नक्कल, जुनं खरेदीखत. "माणूस खोटं बोलंल, कागद न्हाय," म्हणाली. आणि विन्स्टनची तर नोकरीच कागदाला खोटं बोलायला लावायची! चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर येणार म्हटल्यावर तो सरकारचं जुनं आश्वासनच बदलून टाकतो. पुढे रेशन 'वाढवून' वीस ग्रॅम केल्याबद्दल लोक आभार मानतात. मग हाच माणूस चोरून डायरी का लिहितो? मला प्रश्न मिळाला.

तुम्हीही आधी असा एक प्रश्न शोधा. 'कादंबरीतील हुकूमशाहीचे चित्रण' हा प्रश्न नव्हे, ते नुसतं लेबल. प्रश्न सापडला की कथानकाचा क्रम सोडून द्या. मी कागद धरून प्रकरणं पाडली: बदललेलं वर्तमानपत्र, डायरी, सत्तेचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनचं पुस्तक, परिशिष्ट. कथानकाला अर्धं पान पुरलं. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहून नुसत्या चिठ्ठ्या वाचल्या. ज्या चिठ्ठीत 'त्यानंतर विन्स्टन' आलं, ती फाडली.

आणीबाणी काढली नाही, पण जागा बदलली. साम्य दाखवणं सोपं असतं, त्यातून हाती काही लागत नाही. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. कादंबरीत असं व्यासपीठच उरलेलं नाही, विन्स्टनला फक्त वही आहे. हा फरक डायरीच्या प्रकरणात बसला आणि तिथे कामाला आला.

आपल्या मताला अडचणीचं ठरणारं शेवटाला ढकलून दोन ओळींत उरकायचा मोह होतो. माझी अडचण परिशिष्टाची. न्यूस्पीक या सरकारी भाषेबद्दलचं ते टिपण भूतकाळात लिहिलंय. म्हणजे ती सत्ता पुढे कोसळली, असं काही अभ्यासक मानतात. काहींना ती केवळ निवेदनाची रीत वाटते. मी दोन्ही मतांना तीन पानं दिली आणि पहिल्या बाजूला का झुकतो ते लिहिलं. बाईंनी तिथे पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि माझी पोलादपूरची एसटी चुकली.