आमच्या माशांसाठी गाळणी कोणती?

(इयत्ता चौथी)

आमच्या वर्गात खिडकीजवळच्या टेबलावर काचेची एक रिकामी पेटी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. ती आता रिकामी राहणार नाही. तिच्यात गप्पी मासे सोडायचे आहेत. मासे आरोग्य केंद्रातून फुकट मिळणार आहेत. तिथे गप्पी माशांचा हौद आहे. हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवतापाच्या कामासाठी ते पाळतात. गप्पी हे नाव ऐकून आम्हांला वाटले की हे मासे गप्पा मारत असतील. पण तसे नाही. ट्रिनिदाद बेटावर गप्पी नावाचे एक साहेब होते. त्यांनी हा मासा लंडनला पाठवला आणि १८६६ साली एका शास्त्रज्ञाने त्यांच्या नावावरून माशाला नाव दिले.

मासे आणण्याआधी गुरुजींनी आमच्या गटाला एक काम दिले. ते म्हणाले, "पेटीला फिल्टर कोणता घ्यायचा ते तुम्ही शोधा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, आणि का ते पण सांगा." म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

हे काम साधे नाही. मी पहिलीत असताना शाळेत एका गोल बरणीत सहा सोनेरी मासे ठेवले होते. तेव्हाची मोठी मुलं रोज बरणी घासून लख्ख करायची आणि नळाचं ताजं पाणी भरायची. तरी दहा दिवसांत सहाही मासे मेले. सगळे म्हणाले, त्यांचं आयुष्य तेवढंच. पण गुरुजींच्या पुस्तकात लिहिलंय की सोनेरी मासा नीट सांभाळला तर दहा वर्षंसुद्धा जगतो. म्हणजे आयुष्य संपलं नव्हतं, पाणी बिघडलं होतं.

मी घरी हे सांगितलं तेव्हा आबा हसायला लागले. म्हणाले, "आगं पोरी, इहिरीतल्या माश्याला कुठं मशिन बशिवलंय? तरी जगत्यातच की!" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं. त्यांनी मग सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं, आणि ते ऐकल्यावर फिल्टर निवडणं निम्मं सोपं झालं.

मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीतून, आणि उरलेलं खाद्य कुजतं त्यातून, पाण्यात अमोनिया तयार होतो. मासा कल्ल्यांतूनही अमोनिया सोडतो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो ना, तोच हा वास. पाण्यात तो थोडा असला तर आपल्याला वास येत नाही, पाणी स्वच्छच दिसतं. पण माशाला ते विष असतं. आपण गोठ्यातून बाहेर येऊ शकतो. मासा कुठे जाणार?

विहिरीत मासे थोडे आणि पाणी हजारो लिटर. शिवाय विहिरीच्या दगडांवर, गाळात, शेवाळावर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू राहतात. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. ते पण विषारीच. मग दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट फारसं बाधत नाही, आणि पाण्यातल्या वनस्पती ते खातात. शेतात टाकायच्या काही खतांतही नायट्रेट असतं. म्हणजे आबांच्या विहिरीत फिल्टर आहे, पण तो दिसत नाही! हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बरुबर हाय."

काचेच्या पेटीत हे जीवाणू आपोआप पुरेसे नसतात. त्यांना चिकटून बसायला जागा पाहिजे आणि त्यांच्या अंगावरून पाणी सारखं वाहिलं पाहिजे, कारण त्यांना पण हवा लागते. हीच फिल्टरची खरी कामगिरी. आम्हांला आधी वाटायचं की फिल्टर म्हणजे चहाची गाळणी. पण चहा गाळला तर पत्ती वर राहते, साखर खालीच जाते. अमोनिया साखरेसारखा पाण्यात विरघळलेला असतो. नुसत्या जाळीने तो अडत नाही. त्याला जीवाणूच पाहिजेत.

मग आम्ही पेटी मोजली. लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी २५ सेंटिमीटर, आणि पाणी २४ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरायचं. ४५ गुणिले २५ गुणिले २४ बरोबर २७००० घन सेंटिमीटर. १००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर, म्हणून २७ लिटर. तळाला खडे टाकले की त्यांची जागा जाते, म्हणून पाणी साधारण २५ लिटर धरले. फिल्टरने तासाभरात पेटीतलं सगळं पाणी साधारण चार वेळा फिरवावं असा नियम आहे. म्हणजे आपल्याला तासाला १०० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर पुरतो.

शनिवारी बाजाराच्या दिवशी माझे वडील आणि मी तालुक्याला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारकाकांनी सगळे फिल्टर दाखवले, घ्या म्हणून घाई केली नाही. एक पाण्यात बुडवायचा मोटारीचा फिल्टर होता. त्याच्या खोक्यावर तासाला ४०० लिटर असं लिहिलं होतं. मला वाटलं, जेवढं जास्त तेवढं चांगलं. मग मी तिथेच बोटांवर हिशोब केला. ४०० भागिले २५ म्हणजे १६ वेळा! पावणेचार मिनिटांत सगळं पाणी एकदा फिरणार. गप्पीच्या नराची शेपटी पदरासारखी पसरट असते. एवढ्या ओढीत त्याला दिवसभर पोहत राहावं लागेल, ओढ्याला पूर आल्यावर आपण उलटं चालावं तसं. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते, ती पण साधारण दर महिन्याला. पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं. मोटारीच्या फिल्टरच्या फटीतून ते आत ओढलं जातं.

दुसरा फिल्टर पेटीच्या काठाला बाहेरून अडकवायचा होता. त्यातून पाणी धबधब्यासारखं पडतं. तो मला दिसायला सगळ्यांत आवडला. पण त्यात पण पिल्लं ओढली जातात, नळीला स्पंज लावावा लागतो. काका म्हणाले की लाईट जाऊन आल्यावर किंवा पाणी कमी झाल्यावर काही फिल्टर पाणी ओढत नाहीत आणि मोटार कोरडीच फिरते. आमच्या गावात लाईट किती वेळा जाते ते पालकांना सांगायला नको. खड्यांखाली जाळी बसवायचाही एक प्रकार असतो, पण खाली साठलेली घाण काढायला सगळे खडे उपसावे लागतात. डब्यासारखा मोठा फिल्टर टेबलाखाली ठेवतात. तो मोठ्या पेट्यांचा, आणि आमच्या पैशांचा नाही.

शेवटी काकांनी स्पंजचा फिल्टर दाखवला. तो अगदी साधा आहे. काळा स्पंज, त्याच्या मधोमध उभी नळी, आणि हवेची बारीक नळी. बाहेर छोटा हवेचा पंप असतो. पंपाची हवा नळीतून खाली जाते आणि बुडबुडे होऊन वर येते. वर येताना बुडबुडे पाणी पण वर ढकलतात. ती जागा भरायला नवीन पाणी स्पंजमधून आत शिरतं. कचरा स्पंजवर अडकतो आणि स्पंजच्या बारीक भोकांत जीवाणूंचं गाव वसतं. पिल्लू आत जाऊच शकत नाही, उलट स्पंजवर बसलेले कण टिपून खातं. मोटार पाण्यात नसते, म्हणून पोरांनी हात घातला तरी भीती कमी.

बुडबुड्यांबद्दल एक गंमत सांगते. लोकांना वाटतं बुडबुडे म्हणजेच माशांची हवा. खरं म्हणजे पाणी वर येऊन पृष्ठभाग हलतो, तिथेच बाहेरची हवा पाण्यात जास्त विरघळते.

लाईट गेली तर हा पण बंद पडतो. पण स्पंज उघड्या पाण्यात असल्यामुळे त्यातले जीवाणू काही तास तग धरतात. बंद डब्यातले लवकर गुदमरतात. एक मात्र लक्षात ठेवायचं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवायचा, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि टेबलावर सांडतं. म्हणून आम्ही पंप खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवणार आहोत. काकांनी नळीत बसवायची एक छोटी झडप पण दिली, तिच्यातून हवा एकाच बाजूला जाते. स्पंज, पंप, नळी आणि झडप मिळून ४०० रुपये सांगितले. आमच्या खाऊच्या पैशांतून ४१० जमले आहेत.

गटातला एक मुलगा म्हणाला, आपण पाण्याच्या बाटलीत खडे आणि स्पंज भरून घरीच फिल्टर करू. तसा करता येतो आणि चालतो पण. पंप तरी विकतच घ्यावा लागतो. शिवाय भांडी घासायचा स्पंज वापरायचा नाही, कारण काही स्पंजांना जंतू मारायचं औषध लावलेलं असतं, आणि आपल्याला तर जीवाणू जगवायचे आहेत. मला बाटली पसंत नाही. धुवायला उघडायचं म्हणजे दर वेळी गोंधळ.

फिल्टर बसवला म्हणून लगेच मासे भरायचे नाहीत. जीवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आई म्हणाली, "म्हणजे दह्यासारखंच की, विरजण लाव." गुरुजी म्हणाले, अगदी बरोबर! आरोग्य केंद्राच्या हौदातले थोडे खडे आपण ओलेच आणून पेटीत टाकणार, तेच आपलं विरजण. सुरुवातीला चारच मासे, नंतर हळूहळू दहापर्यंत. खाद्य चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही! ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. आपल्याला ती चांगली, पण त्यातल्या क्लोरीनने जीवाणू मरतात आणि माशांनाही त्रास होतो. पूर्वीचे मासे का मेले असतील ते आता कळलं. बरणी घासली की जीवाणू गेले, आणि ताज्या पाण्यातून क्लोरीन आला. स्पंज दोन-तीन आठवड्यांनी पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. तो मळकट दिसला तर दिसू द्यायचा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, म्हणजे ६ लिटर, बदलायचं, कारण नायट्रेट फिल्टर काढत नाही. नवीन पाणी एक दिवस आधी उघड्या बादलीत भरून ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. काढलेलं पाणी शाळेच्या परसबागेत पालकाला घालायचं. त्यात खतच असतं.

आता पालकांसाठी. शाळा सुटताना रोज मेन स्विच बंद करतात. शाळेला शिपाई नाही, गुरुजीच करतात, आणि ते बरोबरच आहे. पण मग फिल्टर संध्याकाळी पाच ते सकाळी दहा बंद राहणार, शनिवार-रविवार तर जास्तच. तसं झालं तर जीवाणू टिकणार नाहीत आणि मग मासेही नाहीत. तेव्हा खिडकीजवळच्या एका बटणाची लाईन वेगळी करून द्यावी, असं आम्हांला वाटतं. वायरमनकाका तीच्या खर्चाचं सभेत सांगतील. बिलाची काळजी वाटेल म्हणून हिशोब करून ठेवला आहे. पंपावर ३ वॅट लिहिलं आहे. २४ तासांचे ७२ वॅट-तास झाले. १००० वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे एक युनिट जवळजवळ १४ दिवस पुरतं. महिन्याला दोन युनिटांहून थोडं जास्त. आमच्या वर्गातला पंखा ७५ वॅटचा आहे, तो एक युनिट तेरा तासांत संपवतो.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी बदलायला आमच्या गटाने पाळ्या लावल्या आहेत. माझी पाळी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे, आणि किल्ली आबांकडे राहील असं गुरुजींनी कबूल केलं आहे. आबा म्हणाले, मी पण येतो बघायला. शाळा व्यवस्थापन समितीची सभा येत्या शनिवारी आहे. हिशोबाचा कागद पेटीला चिकटवला आहे, ज्यांना बघायचा त्यांनी बघावा.