तेहतीस आठवडे

खांदेश्वरच्या शाळेत तुला दुसरीचा वर्ग मिळाला, हे ऐकून फार बरं वाटलं गं. टेट दे, पवित्र पोर्टलवर वाट बघ, कागदपत्रं पडताळून घे, एवढं सगळं करून तू त्या वर्गात उभी राहणार आहेस. डी.एड.ला शिकवलं ते तुझ्यापाशी आहेच. मी सांगते ते वर्गात उभं राहून कळलेलं आहे. आत्याचं म्हणून ऐक आणि पटेल तेवढं घे.

आधी वर्षाचा हिशेब मांड. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हायला हवं. आठवड्याचे सहा दिवस धरलेस तर २०० दिवसांचे होतात तेहतीस आठवडे, वर दोन दिवस. गणपती, दिवाळी, मे महिना यांच्या सुट्ट्या आधीच बाजूला गेल्यात. पण स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, चाचण्या, कसली कसली सर्वेक्षणं, हे सगळं या तेहतीसातूनच वजा होणार. वार्षिक नियोजन कार्यालयात द्यावं लागतं, ते नीट करून दे. रोजचं टाचणही लिही. स्वतःसाठी मात्र विचार आठवड्याचा कर. एका दिवसात सगळी मुलं हाताखालून जात नाहीत. कुणी आजारी असतं, कुणाचं लक्ष नसतं, जुलैत पाऊस असा कोसळतो की निम्मा वर्ग घरीच राहतो. महिन्याचा विचार करायला गेलं तर मागं पडलेलं मूल महिनाभर कुणाच्या ध्यानातच येत नाही. आठवड्यात मात्र प्रत्येक मूल एकदा तरी एकटं तुझ्यासमोर येऊ शकतं. ते आलंच पाहिजे. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

आकडा अवघड नाही. वर्गात तीस मुलं धर, कायद्यातही एका शिक्षकामागं तेवढीच सांगितली आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज सहा मुलं, प्रत्येकाला दोन मिनिटं. बारा मिनिटं झाली. पट चाळीसचा असेल तर रोज आठ मुलं, सोळा मिनिटं. बाकीची मुलं त्या वेळात अनुलेखन करतील, चित्र काढतील, जोडीनं पाढे म्हणतील. तू खुर्चीत बसू नकोस. खिडकीजवळ सतरंजीवर बस आणि मुलाला शेजारी बसव, समोर नको. समोर बसलं की त्याला परीक्षा वाटते.

आता वाचून काय घ्यायचं ते सांगते. त्या आठवड्याच्या पाठातल्या चार ओळी. पण पहिल्या ओळीपासून सुरू करू नकोस. दुसरीतली कितीतरी मुलं अख्खा पाठ तोंडपाठ म्हणतात, बोट ओळीवरून सरकत असतं आणि अक्षराशी त्याचा काही संबंध नसतो. पालकांना वाटतं पोर वाचतंय, बाईंनाही वाटतं. तू शेवटच्या ओळीपासून सुरुवात कर. मग मधल्याच एका शब्दावर बोट ठेव आणि विचार, हा कोणता? तिथं खरं काय ते कळतं. त्यानंतर पाठाबाहेरचं एखादं वाचायला दे. बिस्किटाचा रिकामा पुडा, दुकानाचं पत्रक, बसवरची पाटी लिहिलेला कागद, काहीही. आणि शेवटी एकच प्रश्न: यात काय झालं? अक्षर न् अक्षर बिनचूक वाचणारं मूल या प्रश्नाला गप्प बसतं, आणि अडखळत वाचणारं मूल गोष्ट बरोबर सांगतं. दोघांचं दुखणं वेगळं, दोघांना औषध वेगळं. २०२१ साली आलेल्या निपुण भारत अभियानात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं म्हटलंय. ते होणार कसं? या दोन मिनिटांतूनच.

एक छोटी वही कर. प्रत्येक मुलाला एक पान. त्यात ‘चांगला’, ‘प्रगती समाधानकारक’ असलं लिहायचं नाही. ‘रफार आला की थांबतो’, ‘ध आणि घ यांत गोंधळ’, ‘आज पहिल्यांदा न विचारता बोलली’ असं लिही. २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सत्र संपताना आकारिकच्या वर्णनात्मक नोंदी भरायला बसशील, तेव्हा या वहीशिवाय एकही नोंद खरी उतरणार नाही. नाहीतर मग सगळ्या वर्गाला तीच चार वाक्यं आलटून पालटून. ते मुलांवर अन्यायाचं आहे.

सोमवारी नवा धडा काढू नकोस. मुलं रविवारातून अजून बाहेर आलेली नसतात. त्यांना गोल बसव आणि बोलू दे. कुणी कर्जतला मामाकडं जाऊन आलेलं असतं, कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेलेले असतात, कुणी घरातच टीव्हीसमोर होतं. मुलांनी सांगितलेल्यातली चार-पाच वाक्यं फळ्यावर लिही. त्यांच्याच तोंडचं वाक्य फळ्यावर आलेलं बघून मुलं ते आपणहून वाचतात, कारण त्यात काय आहे ते त्यांना आधीच माहीत असतं. तोच त्या दिवसाचा वाचनपाठ.

इथं एक जपायचं. खांदा कॉलनी, कामोठे, आसूडगाव असा तुझा पट असणार. सिडकोनं वसवलेला हा भाग. मूळची आगरी घरं आहेत, आणि सातारा-सांगलीहून, खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून पोटापाण्यासाठी आलेली घरं आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी. मूल ‘नाय’ म्हणालं तर ‘नाही म्हण’ असं पहिल्याच आठवड्यात बजावू नकोस. ते बोलायचंच बंद होईल. ते जसं बोललं तसं एकदा फळ्यावर लिही, शेजारी पुस्तकातलं रूप लिही, दोन्ही वाचून घे. हिंदी घरातलं मूल पहिले काही आठवडे फक्त ऐकत बसेल, त्याला बसू दे. पण त्याच्याशेजारी बडबड्या मुलाला बसव.

मंगळवार-बुधवार गणिताला दे. त्या वेळी मुलं ताजी असतात. गणितात दुसरीची खरी अडचण बेरीज-वजाबाकी नाही, आपल्या संख्यांची नावं आहे. ‘सत्तावीस’ म्हटलं की मुलाच्या कानावर आधी सात पडतो आणि ते ७२ लिहून मोकळं होतं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९ लिहितं. नव्व्याण्णव तर ‘एकोण’च्या नियमातही बसत नाही. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात जुन्या नावांच्या जोडीला ‘वीस सात’ अशी मांडणी दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. माझं मत विचारशील तर वर्गात ती मांडणी उपयोगी आहे. जुनी नावं सोडायची नाहीत, बाजारात तीच लागतात. पण ती रुजेपर्यंत ‘वीस आणि सात’ म्हणायला काय हरकत आहे?

त्याच्याही आधी हातात काड्या दे. आइस्क्रीमच्या काड्या, खराट्याच्या काड्या, आणि भरपूर रबरबँड. दहा काड्यांचा गठ्ठा मुलांनी स्वतः बांधायचा, तू बांधून आणायचा नाही. बांधताना मोजतात तेव्हाच दशक कळतो. वजाबाकीत गठ्ठा सोडावा लागतो, तो त्यांच्या हातानं सुटला की ‘हातचा घेणे’ वेगळं समजवावं लागत नाही. फळ्यावर उदाहरण त्यानंतर. आपल्याकडं लोक फळ्यापासून सुरुवात करतात आणि साहित्य अधिकारी यायचे असतील तेव्हा कपाटातून काढतात. तुझ्या वर्गात काड्यांचा डबा मुलांच्या हाताला लागेल असा खाली ठेव.

क्रमवाचक संख्यांना तुझ्याकडं आयतं साधन आहे, हार्बर लाइन. खांदेश्वरहून मुंबईकडं निघालं की पहिलं मानसरोवर, दुसरं खारघर, तिसरं बेलापूर, मग सीवूड्स, नेरुळ, जुईनगर, सानपाडा, आणि आठवं वाशी. वर्गात आठ मुलांना आठ स्टेशनं कर, एक मूल गाडी होऊ दे. पाचवं स्टेशन कोणतं? वाशीहून उलट आलं तर नेरुळ कितवं? कित्येक मुलांचे आईवडील रोज या गाडीनं जातात, त्यामुळं या खेळात मागच्या बाकावरचंही उठून पुढं येतं.

श्रुतलेखन आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, आणि शब्द पाच. वीस नकोत. शब्द आठवडाभर भिंतीवर लावलेले असू देत. लिहून झाल्यावर मुलांनी फळ्यावर बघून आपली चूक आपणच दुरुस्त करायची. लाल पेनानं रंगवलेलं पान मूल पुन्हा उघडत नाही. दुसरीत ऱ्हस्व-दीर्घावरून फार ताणू नकोस. काना, मात्रा, अनुस्वार सुटत नाहीत ना तेवढं बघ.

जेवणानंतरचा तास अवघड. पोटात खिचडी गेली की डोळे मिटायला लागतात. त्या वेळी गोष्ट सांग, चालीवर कविता घे, कागदकाम घे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. एकदा वाटीनं मोजून तो मुलांना दाखव. दहा मुलांचा किलो होतो, हे डोळ्यांनी बघितलेलं मूल विसरत नाही. जेवायला बसायच्या आधी आपल्या वर्गात आज किती ताटं, मुलगे किती, मुली किती, हे रोज एका मुलानं मोजून फळ्यावर मांडायचं. बेरजेचा सराव त्यातच होतो.

परिपाठाची पाळी तुझ्या वर्गाकडं आली की धीट मुलंच पुढं येतात आणि त्यांनाच टाळ्या मिळतात. तू लाजऱ्या मुलाला वार, तारीख आणि आजचं हवामान एवढंच दे, तेही आदल्या शुक्रवारी, म्हणजे घरी म्हणून बघेल. सुविचार, दिनविशेष, बातम्या पुढं येतीलच.

सलग दोन दिवस न आलेल्या मुलाचं नाव बुधवारी वेगळं काढ. त्याच्या शेजारच्याला विचार, मग घरी फोन कर. रागानं नाही, ‘वाट बघतोय’ एवढंच सांग. ज्यांची कामं रोजंदारीवर असतात ती घरं गावाला गेली की मुलं पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत. परत आल्यावर त्या मुलाला पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही, गावाकडं काय बघितलं ते मात्र सगळ्यांना सांगायला लावायचं. शाळेनं मुलाच्या जगण्याकडं जावं, ही शिकवण आपल्याकडं जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला कुरणशाळा चालवायच्या. मुलं गुरं राखायला जायची तिथं शाळा जायची. आपण निदान फोन करू शकतो.

घरी कामं देताना आईकडं बघून दे. पहाटे डबे भरून गाडी पकडणारी बाई रात्री आठला घरी येते. तिला थर्माकोल आणि चमकीचा कागद शोधत फिरायला लावायचं नाही. तसला प्रकल्प मूल करतच नाही, आई करते आणि तू शेरा देतेस. त्यापेक्षा ‘घरातलं मोठं माणूस लहानपणी कोणता खेळ खेळायचं, ते विचारून ये’ असं काम दे. त्याला पैसा लागत नाही आणि घरातली माणसं बोलतात. व्हॉट्सॲपच्या गटात आठवड्यातून एकच संदेश, शुक्रवारी: या आठवड्यात काय शिकलो, पुढच्यात काय. कुणाच्याही वहीचा फोटो गटावर टाकू नकोस, चांगल्याचाही नको. आणि दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको हा २०१५ चा नियम आहे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. उद्या कोणती वही लागणार ते आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलंस तरी पुष्कळ हलकं होतं.

शनिवार २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ म्हणून मिळालाय. तो मागं राहिलेला अभ्यास उरकायला वापरू नकोस, हा मोह मोठा असतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, दोन-तीन पालक सोबत, हाताला धरायला एक लांब दोरी, एवढं घेऊन दिवाळीनंतर खांदेश्वराच्या देवळाकडच्या तलावावर जा. पावसाळ्यात नको. काठापासून लांब बसव. प्रत्येकानं एकच गोष्ट नीट बघायची आणि परत येऊन तिच्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. बगळा एका पायावर का उभा राहतो? पाण्यावर हिरवं का आलंय? उत्तरं लगेच देऊ नकोस. ते प्रश्न सोमवारच्या गोलात घे, तुझा पुढचा आठवडा तिथूनच निघेल. बाहेर जाणं जमलं नाही तर उन्हाच्या शनिवारी अंगणात एकमेकांच्या सावल्या खडूनं आखायला लाव; आल्या आल्या एकदा आणि घरी जाताना एकदा, त्याच जागी उभं राहून. सावली कुठं सरकली, किती पावलं लहान झाली, मुलं आपणच मोजतात.

मुलं गेली की शनिवारी वीस मिनिटं वर्गातच थांब. वही उघड आणि या आठवड्यात कुणाचं पान कोरं राहिलं ते बघ. दर आठवड्याला एखाद-दुसरं राहतंच, बहुधा तेच ते शहाणं, शांत, त्रास न देणारं मूल. त्यांची नावं सोमवारच्या सहांत सगळ्यात वर लिही. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच वाक्य लिही: शनिवारी माझ्या मुलांना काय करता येईल, जे सोमवारी येत नव्हतं. ‘पान १२ ते १६’ असं लिहिलंस तर ते खोड. ‘दोन गठ्ठे आणि सुट्ट्या काड्यांतून काढून घेता येईल’ असं लिही.