मधेच उतरता येत नाही ना?

दसऱ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या विजयनगरात घरोघरी एकच विषय असतो, यंदा कुठे? म्हैसूर पाहुण्यांनी भरून जातं आणि आम्ही बाहेर पडायला बघतो. गेल्या वर्षी आम्ही मुंबई-गोवा जहाजाचं ठरवलं. पावसाळा सरलेला, समुद्र त्यातल्या त्यात शांत. स्वयंपाक नाही, रोज बॅगा भरायच्या नाहीत, मुलांना खेळायची वेगळी खोली. खरं सांगते, रात्री भांडी आवरून मोबाइलवर केबिनचे फोटो बघताना मला माझी झोपच आधी दिसत होती. त्यात गैर काही नाही. दमलेल्या आईलाही सुट्टी लागते.

पैसे भरले आणि मग मुलांना सांगितलं. आपण सगळे असंच करतो ना? धाकटा उड्या मारायला लागला. आठ वर्षांची लेक मात्र गप्प. मग हळूच म्हणाली, "आई, मधेच उतरता येत नाही ना?"

"अगं, घाबरतेस काय? किती मजा येईल!" मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नव्हतं. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

तिसऱ्या रात्री अंधारात, पाठीवर हात फिरवताना, सगळं बाहेर आलं. कुणाच्या तरी फोनवर तिनं बुडणारं टायटॅनिक पाहिलं होतं. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे, "तुम्ही मला त्या खोलीत सोडून जाणार. एवढ्या मोठ्या जहाजात मला तुम्ही सापडणार कसे?"

मुलांची भीती आपल्याला वाटते तिथे नसतेच पुष्कळदा. ती शोधायला वेळ लागतो, आणि तोच तर आपल्याकडे नसतो.

मी माझ्या आईला वेंगुर्ल्याला फोन लावून दिला. तिचं लहानपण भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीतलं. २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' बोट मुंबईहून गोव्याला निघाली, तेव्हा आई किती हळवी झाली होती. तिनं नातीला सांगितलं, बोट पुष्कळ बंदरांत लांबच उभी राहायची. पडावातून तिच्यापर्यंत जायचं, आणि खलाशी मुलांना उचलून वर द्यायचे. "मी तर जाम घाबरायचे. आईचा पदर मुठीत घट्ट धरायचे." 'घाबरू नकोस' असं ती एकदाही म्हणाली नाही. लेक कान देऊन ऐकत होती.

मग एका रविवारी रंगनतिट्टूला गेलो. गाडीनं अर्ध्या तासावरचं, १९४० पासूनचं पक्षी अभयारण्य. कावेरीला पाणी जास्त सोडलं की तिथल्या बोटी बंद असतात, म्हणून पाणी ओसरायची वाट पाहिली. लाइफ जॅकेटचा पट्टा तिनं स्वतः दोनदा ओढून बघितला. खडकावर मगर जबडा उघडून पडली होती. पाणी किती खोल आहे, असं तिनं नावाड्याला कन्नडमध्ये विचारलं. त्यानं वल्हं सरळ पाण्यात उतरवलं आणि ओलं कुठपर्यंत झालं ते दाखवलं. त्या ओल्या खुणेकडे ती कितीतरी वेळ बघत होती.

टायटॅनिकबद्दलही मी खरंच सांगितलं. १९१२ मध्ये त्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये देशांनी एकत्र येऊन नियम केला, जहाजावर प्रत्येकासाठी होडीत जागा हवी. आता जहाजावर चढलं की संकटात कुठे जमायचं याचा सराव होतो. तुम्हीही मुलांना त्यात पुढे उभं करा. आम्हाला तो वेळ फुकट वाटतो, पण मुलांना धीर त्यातूनच येतो. आमच्या लेकीनं तर दिसतील तेवढ्या होड्या मोजल्या.

बोट लागण्याची काळजी मलाच जास्त होती. कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात स्थिर आहे, त्या गोंधळातून मळमळतं. म्हणून जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन घेतली. तिथे हेलकावे कमी. जवळ आलेपाक ठेवला, आणि पोटात ढवळलं की डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं ठरवलं. औषध द्यायचंच तर आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

खेळाच्या खोलीत पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर बसून राहिले. माझी झोप बुडाली, मनात थोडं खट्टूही झाले. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांनी ती म्हणाली, "आता तू जा. पण कुठे असशील ते सांगून जा."

मोबाइलला रेंज नव्हती. पहाटे ती बाबांबरोबर डेकवर उभी होती, दोघंही काही न बोलता. इतका निवांत बाबा तिला म्हैसूरला कधी मिळतो?

गोव्याला उतरल्यावर तिनं आधी आजीला फोन लावला. "आजी, बाबांना पदर नव्हता ना, मग मी त्यांचा खिसा धरला."