सम्यक वाणी आणि रानाचा प्रश्न

सन १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ‘वतन’ हा शब्द कानाला मोठा मानाचा. देशमुखाचे वतन, पाटलाचे वतन, तसे महाराचेही वतन! परंतु या गोड शब्दाखाली झाकलेले काय होते? तुटपुंजी जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारची व गावाची राबणूक. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाने त्याच्या जागी उभे राहण्याची सक्ती. बाबासाहेबांनी त्या शब्दावरचे पांघरूण दूर केले आणि कायदा बदलण्याची मागणी केली. शब्दाची परीक्षा हे मुक्तीच्या लढ्याचे एक साधन आहे, हा धडा आपल्या समाजाला तेव्हापासून मिळालेला आहे. तोच धडा आज आपल्या जिल्ह्यातील जंगल व खाणी यांच्या प्रश्नाला लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वक्तृत्व आणि त्याची कसोटी

ऐकणाऱ्याचे मन वळविण्याची कला म्हणजे वक्तृत्व. ही कला मुळात वाईट नाही. तथागत पंचेचाळीस वर्षे गावोगाव लोकांशी बोलत हिंडले. बाबासाहेबांच्या वाणीने लाखो माणसे उठून उभी राहिली. मग चांगले वक्तृत्व व फसवे वक्तृत्व यांतील भेद कसा ओळखावा? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात त्याची कसोटी सापडते. बोलणे सत्य आहे काय? ते हिताचे आहे काय? ते योग्य वेळी बोलले जात आहे काय? बोलणे गोड आहे की कडू, हा प्रश्न त्यानंतरचा. असत्य व अहिताचे बोलणे कितीही गोड असले तरी तथागत ते बोलत नाहीत; सत्य व हिताचे बोलणे कडू असले तरी वेळ पाहून बोलतात.

शब्दांची परीक्षा

आपल्या जिल्ह्यात तेल नाही, कोळसा आहे. वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात वणी तालुका येतो. उकणी, निलजई, कोलारपिंपरी येथील खुल्या खदानी आपल्या परिचयाच्या आहेत. खुल्या खदानीत कोळशाच्या वर जे जे असते ते सर्व आधी काढून बाजूला टाकावे लागते. झाडे तोडली जातात, काळी माती, मुरूम व दगड उपसले जातात. या उपशाला खाणीच्या भाषेत ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. अर्थ काय, तर वरचा भार! ज्या मातीत कापूस व तूर पिकते, जिच्यावर साग व मोह उभा राहतो, ती कागदावर नुसता भार ठरते. शब्द एकच, पण ज्याला कोळसा हवा त्याच्या डोळ्यांनी तो जमिनीकडे पाहतो.

दुसरा शब्द ‘बाधित’. खाणीसाठी जमीन गेली म्हणजे मोबदला व नोकरी ही मुख्यतः सातबाऱ्यावरील नावाशी बांधलेली असते. परंतु ज्याच्या नावे जमीनच नाही, जो त्या रानात गुरे चारतो, मोहफुले व तेंदूपाने गोळा करतो, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतो, त्याचे काय? रान गेल्याने त्याची चूल विझते, पण पुष्कळदा ‘बाधित’ या शब्दात तो मावत नाही. भूमिहीन बौद्ध मजूर व कोलाम बांधव यांच्या दृष्टीने हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही.

शब्दांप्रमाणे आकड्यांचेही वक्तृत्व असते. याचे उदाहरण दूरचे, पण बोधप्रद आहे. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थान नावाचे विस्तीर्ण रान आहे. त्याच्या सुमारे १५ लाख एकर किनारी मैदानात तेलासाठी विहिरी खोदाव्यात की नाही, हा वाद १९८० पासून चालत आला. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील संसदेने करविषयक कायद्यातच कलम घालून ते मैदान खुले केले. समर्थक म्हणाले, बांधकामाला केवळ २,००० एकरांची मर्यादा आहे. ऐकणाऱ्यास वाटते, एका कोपऱ्यात एखादे शेत जाईल. परंतु ही २,००० एकर जागा सलग असण्याचे बंधन नाही. ती ठिकठिकाणी विखुरता येते. तेलाच्या नळांचे खांब जेथे रोवले तेवढीच जागा त्यात धरतात, खांबांवरून मैलोगणती जाणारे नळ धरीत नाहीत. कॅरिबू हरणे त्याच मैदानात पाडसांना जन्म देतात आणि ग्विचिन आदिवासींचे जीवन त्या हरणांवर उभे आहे. आकडा खोटा नव्हता, पण त्याने उभे केलेले चित्र खोटे होते.

वक्तृत्व दोन्ही बाजूंना असते

रानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे सर्वच बोलणे सम्यक असते, असे मात्र मानू नये. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ या वाघिणीने तेरा माणसांचा बळी घेतल्याचे सांगितले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. एका बाजूने तिला ‘नरभक्षक’ म्हटले. दुसऱ्या बाजूने ‘अवनी’ हे नाव देऊन दोन बछड्यांची आई म्हणून तिच्यासाठी शहरांतून निषेध झाले. पहिल्या शब्दाने तिचे आक्रसत चाललेले रान झाकले. दुसऱ्या शब्दाने जीव मुठीत धरून शेतावर जाणारी माणसे झाकली. वाघीण का मेली आणि माणसे का मेली, हा एकच प्रश्न आहे, असे म्हणणारे थोडे निघाले.

तसेच खाणीवर आपल्याही काही बांधवांचे संसार चालतात. वीज सर्वांनाच हवी. म्हणून ‘खाण नको’ ही घोषणा देऊन आमची जबाबदारी संपत नाही. कोणती खाण, कोठे, कोणाच्या किमतीवर, हे विचारले पाहिजे. असे विचारण्याचा उपयोग होतो. जून २०२० मध्ये ४१ कोळसापट्टे लिलावास काढले गेले, तेव्हा ताडोब्याजवळचा बंदर पट्टाही यादीत होता. तो वाघांच्या भ्रमणमार्गात येतो, हे राज्य शासनाने दाखवून दिले आणि त्याच वर्षी तो यादीतून वगळण्यात आला.

ऐकणाऱ्याचे कर्तव्य

केसमुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा बोलणारा थोर आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. हे पारखण्याची जागा कायद्यानेही दिलेली आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. आपण तेथे जात नाही, किंवा जाऊन टाळ्या वाजवून परततो. सुशिक्षित तरुणांनी आधी तो सारांश वाचावा, गावात बसून तो वडीलधाऱ्यांना व माताभगिनींना समजावून सांगावा आणि गोषवाऱ्यात आपले म्हणणे आले की नाही, हे पाहूनच उठावे. ‘शिका’ या आदेशाचा हा एक अर्थ होय, असे आम्हास वाटते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. ‘वतन’ व ‘ओव्हरबर्डन’ या शब्दांत कोणते साम्य दिसते?
२. खरा आकडाही दिशाभूल कशी करू शकतो? एक उदाहरण द्या.
३. आपल्या गावात प्रकल्पाविषयी वापरला जाणारा एखादा शब्द घ्या. तो सत्य, हित व योग्य वेळ या तीन कसोट्यांवर तपासा.

पंचशीलातील चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. खोटे न बोलणे हे त्याचे अर्धे पालन झाले. आपल्या नावाने बोलले जाणारे खोटे मुकाट्याने ऐकून न घेणे, हे उरलेले अर्धे. ते रानासाठी आणि रानाच्या कडेने राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी पाळले जावे, हीच नम्र अपेक्षा.