दुपट्यांचा हिशेब : भाचीला आत्याचा कानमंत्र

पोरी, बाळ किती वेळा प्यालं, किती लंगोट ओले झाले, किती वेळ झोपलं, हे सगळं लिहायचं की नाही, असं तू विचारलंस. तुझी आई म्हणते, आम्ही काही लिहिलं नाही तरी तुम्ही वाढलातच. जावईबापूंनी मोबाइलवर ॲप घेतलंय आणि त्यात मिनिटं मोजणं चालू आहे. दोघांचंही थोडं थोडं ऐक. प्रसूती वॉर्डात कामाला असताना काही बाळांच्या खाटेला आम्ही नोंदीचा कागद अडकवायचो. ज्या शंकेसाठी तो लावला ती फिटली की कागद फाइलला जायचा. घरीही तेच धोरण ठेव. कशासाठी लिहायचं ते आधी ठरव, मग लिही, आणि उत्तर मिळालं की थांब.

पहिले पंधरा दिवस लिहायचंच

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० ग्रॅमवर आलं तर घाबरायचं नाही. २ किलो ७०० च्या खाली गेलं, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत भरून यायला हवं. सुरुवातीला चीक थेंब थेंब येतो, पान्हा दोन-चार दिवसांनी भरतो, आणि पोटात किती गेलं ते कुणालाच दिसत नाही. मग जे बाहेर येतं त्यावरून ओळखायचं.

शूचं गणित सोपं आहे. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं वाढत जाऊन सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट शू व्हायला हवी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग पडला तर चालतो. तोच डाग पाचव्या दिवशी दिसला तर दूध कमी पडतंय असं समज.

शीचा रंगही रोज बदलतो. आधी डांबरासारखी काळी, चिकट. ती बहुतेक बाळांना पहिल्या चोवीस तासांत होते, आणि दोन दिवस उलटले तरी झाली नाही तर दाखवावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्यापर्यंत मोहरीसारखी पिवळी आणि पातळ. ती पिवळी झाली की दूध पोटात पोचतंय.

डायपर असेल तर फसशील

सुती लंगोट लगेच ओला कळतो, म्हणून त्यांची संख्या जास्त भरते. डायपर दोन-तीन वेळची शू पोटात घेऊन कोरडा दिसतो. त्यावरची रेघ थोड्याशा ओलीनेही रंग बदलते. शू झाली एवढं ती सांगते, किती झाली ते नाही. म्हणून एक नवा डायपर घेऊन त्यात तीन मोठे चमचे पाणी ओत आणि हातात धरून बघ. भरलेला डायपर किती जड लागतो ते हाताला एकदा कळलं की पुन्हा मोजावं लागत नाही. पहिला आठवडा दिवसा सुती लंगोट वापरलेस तर आणखी बरं.

पाजण्याची मिनिटं लिहू नकोस

मिनिटांवरून दूध कळत नाही. एखादं बाळ दहा मिनिटांत पोट भरून मोकळं होतं, दुसरं पाऊण तास नुसतं चुळबुळत पडतं. घड्याळाकडे बघण्याऐवजी त्याच्या जबड्याकडे बघ. पान्हा सुटला की चोखण्याची चाल संथ होते आणि मधूनमधून घोट गिळल्याचा आवाज येतो. पाजताना गालाला खळी पडत असेल, चटचट आवाज येत असेल, तुला चरचरून दुखत असेल, तर बाळ छातीला नीट लागलेलं नाही. ते आधी नर्सकडून किंवा स्तनपानाच्या सल्लागाराकडून दुरुस्त करून घे.

वेळा मात्र मोज. सुरुवातीला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतं. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, त्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. मागच्या वेळी कोणत्या बाजूला पाजलं हे लक्षात ठेवायला वही नको. त्या बाजूच्या मनगटात रबरबँड घाल आणि पाजून झालं की बाजू बदल. वरचं दूध चालू असेल तर दर वेळचे मिलिलिटर लिहावेच लागतात, कारण तिथे प्रमाण डॉक्टर वजनावरून ठरवतात.

झोपेची वही नकोच

नवजात बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्र आणि दिवस यातला फरक त्याच्या अंगी मुरायला दोन-तीन महिने जातात. तोवर झोपेचे आलेख काढून हाती काही लागत नाही; काल चार तास झोपलं आणि आज दीडच, हे वाचून तुझीच झोप जाईल. झोपेबाबत सध्या एकच विचारायचं : शेवटचं पाजून तीन तास झाले का? वजन भरून येईपर्यंत तीन तासांहून जास्त झोपलं तर उठवायचं, दुपटं सोडायचं, तळपायाला गुदगुल्या करायच्या आणि पाजायचं. वजन भरलं आणि डॉक्टर हो म्हणाले की रात्री त्याला निजू दे. निजवताना मात्र नेहमी पाठीवर, उशी न देता.

दोघांचे हात लागतात तिथे लिहायचंच

व्हिटॅमिन डीचे थेंब, तापाचं औषध, दिलेल्या मात्रा आणि वेळा हे लिहिल्याशिवाय राहू नकोस. सकाळी तू थेंब दिलेस आणि तासाभराने सासूबाईंनीही दिले, असं घराघरांत होतं. कालनिर्णयवर दूधवाल्याचा हिशेब जसा तारखेच्या चौकटीत खूण करून ठेवतो, तसंच इथे कर. थेंब दिले की टीक. टीक नसेल तर द्यायचे, असेल तर बाटली ठेवून द्यायची. बाळ पाळणाघरात जायला लागलं किंवा घरी सांभाळायला बाई आली, तरी एका कागदावर शेवटचं पाजणं, शेवटची शी आणि औषध एवढं लिहून द्यावं. जुळी असतील तर दोघांचे कागद वेगळे आणि वेगळ्या रंगाचे. रात्री तीन वाजता कोण प्यालं ते आईलाही आठवत नाही.

वजनकाटा एकच असू दे

बाळ वाढतंय की नाही हे शेवटी काटा सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत रोजचे वीस ते तीस ग्रॅम वाढले पाहिजेत, म्हणजे आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे. पण रोज वजन करू नकोस. एक शी-शू झाली की काटा हलतो आणि जीव घाबरा होतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता छापलेला असतो. त्यावर ठिपका मांड. शेजारच्या बाळाचा ठिपका वर असला म्हणून काही बिघडत नाही. आपल्या बाळाची रेघ चढती आहे ना, हे बघायचं.

वहीमागे हात हवा

तुझी आई म्हणते, "आम्ही काही लिहिलं नाही." खरं आहे, पण तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत चार बायकांचे डोळे होते. आणि जी बाळं गेली, त्यांची मोजदाद अशा बोलण्यात कुणी करत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी येऊन बाळाचं वजन करायच्या, ताप आणि श्वास बघायच्या, बाळ ओढून पितंय का, जोरात रडतंय का हे टिपायच्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच उपचार सुरू करायच्या. त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. यश नुसत्या कागदाचं नव्हतं. टिपलेली गोष्ट बघून लगेच काही करणारी बाई तिथे होती, म्हणून कागदाला अर्थ होता.

आता आशाताई त्याच वाटेने येतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. आपला सव्वा महिना संपतो, त्याच सुमाराला त्यांची शेवटची फेरी होते. शहरात आशाताई आल्या नाहीत तर बालरोगतज्ज्ञांच्या भेटी याच सुमारास धर. वही त्यांना दाखवायची असते. कुणालाच दाखवायची नसेल तर लिहून उपयोग काय?

हे दिसलं तर वही भरत बसू नकोस

बाळ ओढून पिईनासं झालं. अंग तापलं किंवा गार पडलं. मिनिटभर मोजून श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले. हातपाय लुळे पडले. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला. हिरवी उलटी झाली. सहाव्या दिवसानंतर सहा-आठ तास शूच झाली नाही. यातलं काहीही दिसलं, तर नोंद नंतर, आधी दवाखाना. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर मध्यरात्रीही निघायचं.

शी पांढरट, खडूसारखी दिसली तर तिचा उजेडात फोटो काढ आणि तो डायपर पिशवीत घालून सोबत ने. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते, आणि त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त असते. मोबाइल चांगला कामाला येतो तो इथे.

रात्रीची नोंद जावईबापूंची

पाजणं तुझ्याकडे, तर लंगोट बदलणं आणि लिहिणं त्यांच्याकडे. ॲप वापरू देत, पण त्यातले तीन रकाने ठेवा : किती वेळा पाजलं, शू, शी. बाकीच्या सूचना बंद करा.

आणि तुझ्याकडेही लक्ष ठेव, पोरी. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवडे उलटले तरी मन खाली असेल, बाळ निजलेलं असतानाही तुझा डोळा लागत नसेल, आकडे पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय चैन पडत नसेल, तर ही वहीची गोष्ट नाही. आपल्या डॉक्टरांना सांग. यावर उपचार आहेत. तेव्हा वही जावईबापूंकडे देऊन टाक.

वही मिटायची कधी

महिना-दीड महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ दोन-चार दिवस शीच करत नाही, आणि झाली की मऊसूत होते. जुन्या नोंदींशी ताडून पाहिलंस तर घाबरशील, तेव्हा ताडू नकोस. जन्माचं वजन भरलं, आठवड्याला वाढ होतेय, लंगोट भिजतायत, एवढं झालं की शी-शूचा रकाना बंद. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल, कावीळ रेंगाळली असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं.

दीड महिन्याच्या लशीला जाशील तेव्हा वही घेऊन जा. वजन कार्डावर चढवून घे. डॉक्टर ठीक म्हणाले तर तिथेच थांब. नाही म्हणाले तर पुढे नेमकं काय लिहायचं, किती दिवस आणि कशासाठी, हे त्यांनाच विचार, आणि तेवढंच लिही.